कोकणातल्या खाड्यांत कयाकिंग: निघण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमचे फोन सुरू होतात. ‘चोवीस-पंचवीस तारखेला येतोय, सहा जण आहोत, खाडीत कयाक घालायच्या आहेत, काय काय लागेल?’ सिंधुदुर्गातल्या खाड्यांत आम्ही काही मित्र बऱ्याच वर्षांपासून वल्हवतोय. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. त्यामुळे विकण्यासारखं आमच्याकडे काही नाही, सांगण्यासारखं मात्र बरंच साठलंय. तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. उदाहरणं मुख्यतः कर्ली, कालावल, आचरा या आमच्या पाण्यातली आहेत. गोवा, रत्नागिरी, ठाण्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलंय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच: कोणत्या तारखेला यावं?

तारीख नका विचारू, तिथी विचारा. शहरातला माणूस सुट्टी बघून तारीख ठरवतो आणि मग त्या दिवशी पाणी कसं आहे ते विचारतो. इथे आधी पाणी बघायचं, मग रजा टाकायची.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. किनाऱ्यावर पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातं, त्यामुळे गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते. खाडीत आत जाल तशी ती तोंडापेक्षा उशिरा पोचते, कधी अर्धा तास, कधी तासभर. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयातून दिवस निवडायचा आणि जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून वेळ पक्की करायची.

मग चांगली तिथी कोणती?

कोण येतंय त्यावर आहे.

पहिल्यांदाच वल्हं हातात धरणारे असतील तर अष्टमी-नवमी. याला भांगाचं पाणी म्हणतात. चढ-उतार कमी, त्यामुळे ओढही कमी. सकाळी सहाला भरती झालेली असते, पाणी हळूहळू उतरत असतं. ताजेतवाने असताना त्या मंद ओढीविरुद्ध तासभर वर जायचं आणि दमल्यावर तिच्याच पाठीवर बसून परत यायचं.

थोडा सराव असलेल्यांसाठी मला द्वादशी-त्रयोदशी आवडते. भरती नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. सातला खाडीच्या तोंडाजवळून निघालात तर चढतं पाणी तुम्हाला आत नेतं, वर पोचेपर्यंत ते थांबतं, दहा मिनिटं सगळं काचेसारखं होतं. त्या दहा मिनिटांत गुळाची पोळी खायची. मग पाणी फिरतं आणि परतही तेच आणतं. साडेअकराला किनाऱ्यावर.

पौर्णिमा-अमावास्या ऐकायला छान वाटते, पण उधाणाचं पाणी अवघड. सव्वाअकरापर्यंत भरतीच चालू, म्हणजे परतीचं पाणी मिळेपर्यंत दुपार होते, आणि दुपारी वारा उठलेला असतो. त्यात ओढ जोरात. मुंबईच्या तक्त्यात उधाणाला साडेचार मीटरच्या वरचे आकडे दिसतात, मुरगावच्या तक्त्यात दोन-सव्वादोन मीटर. म्हणून गोव्यात शिकलेला माणूस धरमतरच्या किंवा ठाण्याच्या खाडीत आला की बावचळतो. त्याच्या ओळखीचं पाणी दुप्पट उंच झालेलं असतं.

पाणी सगळ्यात जोरात कधी ओढतं?

भरती आणि ओहोटीच्या बरोबर मध्ये. सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तिसरा-चौथा तास सांभाळा.

आता साधं गणित. नवशिक्यांचा गट तासाला चार किलोमीटर वल्हवतो. उधाणात अरुंद जागी ओढ तासाला तीन किलोमीटर असेल, तर विरुद्ध दिशेने तुम्ही तासाला एक किलोमीटर जाल. मुक्कामाची जागा तीन किलोमीटरवर दिसतेय आणि तुम्ही तीन तास लांब आहात.

पाण्याची वेळ चुकली तर होऊन होऊन काय होईल?

आमचंच सांगतो. सुरुवातीची वर्षं. चतुर्दशी होती. कालावलच्या खाडीत भरतीबरोबर वर गेलो. गड नदीच्या या भागात बेटं आहेत, नदीतल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. गोव्यात मांडवीतल्या एका बेटाचं नावच जुवें आहे. अशा एका जुव्यावर ओळखीच्या घरी चहाला थांबलो. चहाचं जेवण झालं, जेवणानंतर गप्पा. दीड वाजता काठावर आलो तर कयाक जागेवरच होत्या, पाणी मात्र चाळीस फूट खाली गेलेलं. मधे नुसता गाळ, करडा, चकाकणारा, ऊन पडलेला. एकाने पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा काढताना पहिला रुतला. चप्पल गाळातच राहिली, ती अजून तिथे आहे.

थोड्या अंतरावर एक आजी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती. कमरेत वाकून, बोटांनी गाळ चाचपत. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘पाणी काय तुमची वाट बघीत रवतला?’

ओहोटी पावणेपाचला पूर्ण झाली. आमच्या कयाकपर्यंत पाणी परत यायला चांगली रात्र झाली. तोपर्यंत जवळच्या भडंगाची दोन पाकिटं संपली, प्यायचं पाणी संपलं, मच्छरांनी आपलं काम उरकलं. हेडलॅम्प एकाकडेच होता. अंधारात परत आलो, कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून ‘परत फिरायची वेळ’ आम्ही निघण्याआधी मोठ्याने बोलतो आणि एकाच्या मनगटावर पेनाने लिहितो.

गाळात रुतलो तर बाहेर कसं यायचं?

पाय जोराने उपसू नका, त्याने दुसरा पाय आत जातो. कयाक हाताशी ओढून घ्या, तिच्यावर छाती टाका, वजन तिच्यावर येऊ द्या. मग पाय हलवत हलवत, टाच सैल करत काढा. पोटावर झोपून सरकावं लागलं तरी लाजू नका. कयाक सोडून काठाकडे चालत जायची घाई करणारे फसतात.

वाऱ्याचं काय?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना, ते इथे कामाला येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून हलका वाहतो किंवा अजिबात नसतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी चांगला जोर धरतो. म्हणून आमचा नियम: बारानंतर उघड्या पाण्यात नाही.

त्यातही एक जागा विशेष वाईट. ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे धावतंय आणि समोरून समुद्राचा वारा येतोय. दोघांची खाडीच्या तोंडाशी टक्कर होते. लाटा उंच नसतात, पण उभ्या आणि जवळजवळ असतात. कर्लीच्या तोंडाशी, देवबागच्या टोकाला, जिथे सगळे पर्यटक वाळूच्या पट्टीवर फोटो काढतात, तिथे दुपारी ओहोटी असली की हे बघायला मिळतं. मोटरबोटी त्यातून जातात, म्हणून कयाकवाल्यालाही वाटतं आपण जाऊ. ओहोटी चालू असताना त्या तोंडाजवळ जायचंच नाही. एकदा बाहेर ओढले गेलात की परतीला वारा मागून आणि ओढ समोरून, आणि मधे फुटणाऱ्या लाटा.

समुद्रातून जायचं असेल तर? भोगवे ते निवती, किंवा किल्ल्याभोवती?

खाडीत दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील, कयाक उलटल्यावर परत चढता येत असेल, आणि सोबत त्या किनाऱ्याची माहिती असलेला माणूस असेल तर बोलू. नसेल तर खाडीच बघा. खाडी बघून संपत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतं. तिथे खाली प्रवाळ आहे. त्यावर उभं राहायचं नाही, नांगर टाकायचा नाही, आठवण म्हणून काही उचलायचं नाही. शिवाय खडपांच्या मधून लाट कशी फिरते हे स्थानिक होडीवाल्यालाच ठाऊक असतं. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचे उंच लाटांचे इशारे बघा. लांब समुद्रातून येणाऱ्या लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर आपटतात, आकाश निळं असतं आणि तरी.

पोहता येत नाही. चालेल?

भांगाच्या पाण्यात, उथळ खाडीत, अनुभवी माणसाबरोबर आणि लाइफ जॅकेट अंगावर असेल तर चालेल. पण पाण्याची भीती असेल तर आदल्या दिवशी कंबरभर पाण्यात जॅकेट घालून तरंगून बघा. भीती जॅकेटवर विश्वास बसला की जाते, आमच्या सांगण्याने नाही.

लाइफ जॅकेट किती महत्त्वाचं? गरम होतं हो.

होतं. तरी घालायचं. कयाकच्या मागे बांधून ठेवलेलं जॅकेट म्हणजे गाडीच्या डिकीतलं हेल्मेट.

घालून दोन्ही खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही किंवा पट्टे सैल आहेत. एका ठिकाणी भाड्याने घेतलेल्या सहा जॅकेटांपैकी दोनांची बकलं तुटलेली होती आणि तिथला मुलगा सुतळी आणून देत होता. आम्ही पैसे परत न मागता निघालो. फेस आतून चुरा झालेला, उन्हाने कापड पांढरं पडलेलं, असं जॅकेट दिसलं तर तिथली कयाकही घेऊ नका. जो जॅकेटकडे बघत नाही तो बाकीचंही बघत नाही.

जॅकेटला शिट्टी बांधा. तीन वेळा शिट्टी म्हणजे मदत हवी, हे निघण्याआधी सगळ्यांना सांगा. शिट्टी गंमत म्हणून वाजवायची नाही, हे विशेषतः लहान मुलांना आणि काही काकांना सांगावं लागतं.

कयाक कोणती घ्यावी?

इकडच्या पाण्याला वर बसायची, उघडी कयाक बरी. उलटली तर तिच्यात पाणी भरत नाही, सरळ करून परत चढता येतं. पाय आत घालून बसायची बंदिस्त कयाक वेगवान असते, पण ती उलटल्यावर काय करायचं हे शिकल्याशिवाय घेऊ नका. हवा भरायची कयाक पुण्याहून एसटीने आणता येते हा तिचा मोठा गुण, आणि कालवं हा तिचा मोठा शत्रू.

कालवं म्हणजे खायची ना?

खायचीच, पण त्यांची शिंपलं खडकांना, जुन्या धक्क्यांच्या खांबांना आणि कांदळाच्या मुळांना चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. ओहोटीला अनवाणी उतरू नका. जुने कॅनव्हासचे बूट चालतात, रबरी चप्पल चालत नाही, ती गाळात राहते. वर सांगितलंच. कापलं तर गोड्या पाण्याने नीट धुवा, आतला गाळ काढा, जंतुनाशक लावा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

आणखी काय चावतं-टोचतं?

पाकट वाळूत पसरून बसलेला असतो. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, तो सरकून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. शिंगाळ्याचा काटाही असाच दुखतो, जाळ्यातून सोडवायला गेलात तर. जेली फिशला इकडे झार म्हणतात. ती लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं.

मगरींचं खरं का?

खरं. चिपळूणजवळ वाशिष्ठीत, महाडजवळ सावित्रीत आणि गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. कुंभारजुव्याच्या मगरी खाऱ्या पाण्यात राहायला सरावल्या आहेत. या पाण्यांत स्थानिक जाणकाराशिवाय कयाक घालू नका, हातपाय पाण्यात सोडून बसू नका, पोहायला तर उतरूच नका. काठावर ऊन खात पडलेली मगर दिसली तर दुरून वळसा. फोटोसाठी जवळ गेलात तर ती घाबरून पाण्यात शिरते, आणि ती पाण्यात कुठे आहे हे न कळणं तुम्हाला परवडणारं नाही.

सोबत काय काय घ्यायचं?

प्यायचं पाणी माणशी तीन लिटर. थंडीने काकडून इथे कुणी आजारी पडत नाही, उन्हाने पडतात. कोकम सरबत मीठ घालून. लांब बाह्यांचा पातळ शर्ट, काठाची टोपी आणि तिला दोरी. जीन्स नको, ओली झाली की दगड होते. गटात एक जादा वल्हं, ओढून न्यायला पंधरा मीटर तरंगणारी दोरी, छोटी सुरी, प्रथमोपचार, प्रत्येकी हेडलॅम्प, सकाळची फेरी असली तरी. फोन पाणबंद पिशवीत आणि पिशवी जॅकेटला बांधलेली, कयाकला नाही. माणूस आणि कयाक वेगळे झाले तर फोन माणसाकडे हवा. कपडे भडक: केशरी, पिवळे. निळा-हिरवा टीशर्ट खाडीत दिसतच नाही.

दारू नको. यावर वेगळा प्रश्न येतो, वेगळं उत्तर नाही.

फोनला रेंज नसेल तर सॅटेलाइट उपकरण आणू का? भाऊ अमेरिकेहून येतोय.

नको! भारतात सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. तिकडे ट्रेकिंगच्या दुकानात सर्रास मिळणारं उपकरण सामानात सापडलं म्हणून परदेशी प्रवासी इथल्या विमानतळांवर अडकले आहेत. भावाला ते घरीच ठेवायला सांगा.

त्याऐवजी जुना उपाय: काठावरच्या एका माणसाला चिठ्ठी द्या. किती जण, कयाकचे रंग, कुठून कुठे, परतीची वेळ, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमक्याला कळवा’. किनाऱ्यावर असताना तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२ फोनमध्ये घालून ठेवा. खाडीत मात्र सर्वांत आधी पोचणारा माणूस मच्छीमारच असतो. त्याच्याशी आधी ओळख असलेली बरी.

परवानगी लागते का?

पैसे घेऊन कयाकिंग करवणाऱ्याला लागते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तुम्ही कुणाकडे जाणार असाल तर नोंदणीचा कागद मागा. राग आला तर दुसरा बघा.

स्वतःची कयाक घेऊन येणार असाल तरी गावात सांगा. सव्वीस-अकरापासून किनाऱ्यावरची माणसं अनोळखी होडीकडे बारीक नजरेने बघतात, आणि ते बरोबरच आहे. पहाटे अंधारात कुणी चार जण प्लास्टिकच्या होड्या पाण्यात लोटताहेत हे बघून पोलिसांना फोन गेला तर गावाला नावं ठेवू नका. आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलांना भेटा, धक्क्यावर दोन माणसांशी बोला. तिथेच कळतं की उद्या पुलाखाली जाळी लागणार आहेत किंवा अमक्या जागी वाळूचा पट्टा नवा वर आलाय. अभयारण्यात, म्हणजे चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात किंवा ठाणे खाडीच्या रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्यात, वनखात्याला विचारल्याशिवाय कयाक घालायची नाही. ठाण्यात रोहित बघायचे असतील तर ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीने जा. तिथल्या गाळात कयाक अडकली तर काठ गाठणं अशक्य.

मच्छीमार आमच्यावर ओरडले. आम्ही तर काहीच केलं नव्हतं.

बहुतेक जाळ्यावरून गेला असाल. खाडीत पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या तर खाली कांडाळी आहे. वल्हं त्यात अडकलं की जाळं फाटतं, आणि ते विणायला त्याचे दोन दिवस जातात. रांगेच्या टोकाला वळसा घाला. खुंट रोवलेले दिसले तर त्यांच्या मधून जाऊ नका. ओढ तुम्हाला जाळ्यावर दाबते आणि तिथून सुटणं कठीण असतं.

किनाऱ्यावर रापण चालू असेल तर थांबा. समुद्रात अर्धगोल टाकलेलं जाळं, दोन टोकांना दोरीला लागलेली वीस-पंचवीस माणसं, म्हातारे, बायका, शाळेतून पळालेली पोरं. त्या अर्धगोलात कयाक घालणं म्हणजे कुणाच्या जेवणाच्या ताटावरून चालत जाणं. बाहेर अर्धा तास तरंगत राहा, किंवा किनाऱ्यावर लागा आणि दोरीला हात लावा. आम्ही तसं केलं तेव्हा निघताना हातात बांगड्यांची पिशवी आली. नको म्हणायची सोय नव्हती.

धक्क्यावर गाडी लावताना लिलावाची जागा सोडा. तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, जाते तिथे आडवे येऊ नका. हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

बांधाच्या दारातून पलीकडे जाता येईल का? पलीकडे खूप पक्षी आहेत.

अजिबात नाही. खारजमिनीच्या बांधाला असलेल्या दाराला आपल्याकडे उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. ओहोटीला आतलं पाणी तिथून बाहेर पडतं आणि भरतीला फळ्या बंद होतात. वरून बघाल तर पाणी गुळगुळीत, शांत. खाली अरुंद तोंडातून सगळं शेत रिकामं होत असतं. कयाक तिथे आडवी झाली की पाणी तिला दारावर दाबून धरतं, माणसासकट. उघाडीपासून दोन्ही बाजूंनी लांब राहा.

वाळू उपसा चालतो तिथेही असंच. कंबरभर पाण्यातून चालताना एकदम दोन पुरुष खोल खड्डा लागतो. कयाक ढकलत चालायची सवय असेल तर ती अशा पट्ट्यात मोडा.

कांदळवनात आत शिरावं का?

रुंद वाटेने, भरतीला, शांतपणे. चिपीची, तिवराची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात. त्यांच्यावर कयाक चढवू नका, फांदीला धरून थांबू नका, सेल्फीसाठी फांद्या मोडू नका. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे आणि कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे. पण कायद्याचं सोडा, ओहोटीला एकदा तिवराच्या झाडाखाली दहा मिनिटं वल्हं मांडीवर ठेवून बसून बघा. गाळातून टकटक आवाज येतो, खेकडे एक नांगी वर करून एकमेकांना हटकतात, खंड्या तीच फांदी धरून बसलेला असतो. नशीब असेल तर पाणमांजराचं कुटुंब, आधी फुसफुस ऐकू येते मग डोकी दिसतात. ती दिसली की वल्हं थांबवा. पाठलाग केलात तर ती पिल्लांसकट जागा सोडतात.

पक्ष्यांचा थवा गाळावर चरत असेल तर त्याला उडवून फोटो काढायचा नाही. ओहोटीचे चार तास हीच त्यांची जेवणाची वेळ असते. गादा, म्हणजे आपला डॉल्फिन, दिसला तर बाजूला थांबा, तो हवं तर स्वतः जवळ येतो.

शौचाचं काय? कुणी विचारत नाही, पण...

विचारावं. निघण्याआधी उरकून घ्या. वाटेत गरज पडली तर ओळखीच्या घरी विचारा, लोक नाही म्हणत नाहीत. ज्या गाळात तुम्ही आडोसा शोधताय तिथेच दुपारी कुणी तिसऱ्या काढायला येणार असतं. ओले टिश्यू कुजत नाहीत, सोबत परत आणा.

कयाक उलटली तर?

कयाक सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. वल्हं धरा, कयाक सरळ करा, मधोमध या, पाय मागे पाण्यावर आडवे करून मारा आणि पोटावर तिच्यावर चढा. पोटावरून कूस बदलून बसा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हे उथळ पाण्यात तीनदा करायचं, मगच निघायचं. ‘आमची नाही उलटणार’ म्हणणाऱ्याला पहिला नंबर.

गटात पुढे एक जाणकार, शेवटी एक जाणकार. शेवटच्याच्या मागे कुणी नाही आणि पुढच्याच्या पुढे कुणी नाही. सहा-आठ कयाकपेक्षा जास्त असतील तर दोन गट करा.

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हा?

मेच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे दोन तास, जमेल. नंतर नाही. दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. मोकळ्या पाण्यात ओलं वल्हं उंच धरून बसलेला माणूस विजेला सोपा सापडतो. गडगडाट ऐकू आला की काठ, आणि काठावर एकट्या झाडाखाली नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत इकडचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते घरी बसतात तेव्हा हौशी माणसाने पाण्यात जायचं कारण नाही.

मग पावसात तुम्ही काय करता?

कयाक पडवीत उलट्या टांगतो. झाकणं उघडी, नाहीतर आत बुरशी. पट्टे काढून गोड्या पाण्यात धुतो, बकलं एकेक दाबून बघतो, दोऱ्या बदलतो. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर जातो, नारळ इतरांच्या मागोमाग वाहतो. मग पुढच्या महिन्यांची पानं उलटून ऑक्टोबरातली अष्टमी कोणत्या वारी येते ते बघतो. यंदा गुरुवारी आहे. रजा टाकून ठेवली.